बसल्या माणसाची खिडकी

डोक्यावर घागर आणि खांद्यावर कुऱ्हाड, हा धुरपदाबाईचा बारा महिन्यांचा साज. नाटकातली राणी मुकुटाशिवाय रंगमंचावर येत नाही, तशी ही बाई कुऱ्हाडीशिवाय उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. उंची अशी की दारातून वाकून यावं लागे. आवाज असा की तेरणा नदीच्या पल्याडच्या गुराख्यानं वळून बघावं. तेरहून ढोकीला जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत तिचं गाव. गावातली पोरंटोरं तिला भ्यायची, मोठी माणसं त्याहून जास्त भ्यायची, आणि भांडण पेटलं की सोडवायला तिलाच बोलवायची. बायकोला काठीनं बडवणाऱ्या एका गड्याला तिनं त्याच्याच काठीनं बडवत चावडीपर्यंत नेलं होतं. तिथं त्याला पाणी पाजलं, मग घरी नेऊन जेवायला वाढलं. तो जेवता जेवता रडायला लागला, तर ही म्हणाली, "रडू नको रं, कालवण खारट हुतंय."

ही कुऱ्हाड तिच्या खांद्यावर आली बहात्तरच्या दुष्काळात.

तोवर ती चारचौघींसारखी सून होती. नवरा धोंडीबा शांत माणूस, दिवसभर खडी फोडून यायचा आणि घरातल्या एकुलत्या एका खिडकीपाशी पाठ टेकून बसायचा. खिडकी बुटकी होती, जमिनीपासून हातभर उंच. बसल्या माणसाच्या मानेला बरोबर वारा लागावा, अशी. त्या साली विहिरीच्या तळाला घागर बुडेल एवढंही पाणी नव्हतं. विहीर दोघांत होती, धोंडीबा आणि त्याचा चुलतभाऊ हिंमतराव. धोंडीबानं एकट्यानं राबून ती खाली खणली, पाणी लागलं, आणि वाटणीवरून रोज शिव्यागाळी सुरू झाली. एका तिन्हीसांजेला धुरपदा चुलीपुढं भाकरी थापत होती. धोंडीबा खिडकीत बसून म्हणाला, "आज वारं बरं सुटलंय." तेवढंच. पुढच्या क्षणी त्याच्या छातीतून भाल्याचं पातं बाहेर आलं.

तो ओरडलासुद्धा नाही. भाकरीच्या पिठावर रक्त उडालं. धुरपदानं वर बघितलं तेव्हा खिडकीतून एक हात आत आला होता आणि भाला उपसून घेत होता. मनगटात तांब्याचं कडं. अंगठा पेरातून तुटलेला. भाला निसटला, हात गेला, धोंडीबा तव्यावर पडला.

तो हिंमतरावाचा हात तिनं शंभर वेळा पाहिला होता. वाढताना त्याच हातावर भाकरी ठेवली होती. पण कोर्टात वकिलानं काय करावं? गावातली अंगठा नसलेली माणसं आणून रांगेत उभी केली. उसाच्या चरकात बोटं गेलेली माणसं त्या मुलखात काय कमी? "बाई, तोंड पाहिलंत?" "न्हाय." "नुसत्या हातावरून माणूस ओळखता येतो होय?" लोक हसले. हिंमतराव सुटला, आणि गावात येऊन त्यानं पेढे वाटले. एक पेढा तिच्या दारातही ठेवून गेला.

त्या दिवशी तिनं खिडकी दगडमातीनं बुजवली, आणि धोंडीबाची कुऱ्हाड उचलली ती उचललीच.

पुढं ढोकीच्या कारखान्याला ऊस जायला लागला, गावात पाण्याची सोसायटी झाली, आणि धुरपदाबाईचा मुलगा सिदू ट्रॅक्टरवर लागला. सिदूचं लग्न झालं. सून आली मथुरा, नाजूक, हसरी, कामाला वाघीण. जुनं घर पडायला आलं होतं, म्हणून नवं बांधायचं ठरलं. बांधणारा गवंडी अणदूरचा शिवप्पा. गोल पोटाचा, पान खाणारा, बोलताना मध्येच कानडी ओतणारा. त्यानं दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती उचलल्या. वर सागाचे सर म्हणजे आडव्या तुळया, त्यावर चिलपा म्हणजे लाकडाची फळकुटं, त्यावर पांढऱ्या मातीचं जाड, सपाट छत, म्हणजे माळवद. म्हणाला, "अव्वा, भर उन्हाळ्यात या घरात माठातल्यावानी गार वाटंल. वीज नको, बिल नको."

"पण वारं कुठनं येणार?" सिदूनं विचारलं. "मी पंखा आणणार हाय. विजंच्या डांबावर वायर आलीय."

"वीज हाय कवा? गेली की पंखा भिंतीला टांगल्याला तसाच. माझं ऐक. पश्चिमंकडनं वारं येतंय. तिकडं एक बुटकी खिडकी ठेवू. वर माळवदात साणं हायच." माळवदाच्या मधोमध धुराला आणि उजेडाला ठेवलेल्या भोकाला तिकडं साणं म्हणतात. शिवप्पानं हातानं दाखवलं. "खालनं गार हवा आत, वरनं धूर बाहीर. घर सोताच श्वास घेतंय. नुसतं साणं ठिवलं तर हवा येणार कुठनं? धूर घरातच घोळत बसंल."

धुरपदाबाई उठली, ओळंब्याची दोरी शिवप्पाच्या हातातून काढून घेतली आणि पश्चिमेच्या भिंतीकडं गेली. त्या भिंतीपलीकडं बोळ होता आणि बोळाच्या टोकाला हिंमतरावाचं घर.

"इथं खिडकी?"

"व्हय. बसल्या माणसाला वारं लागंल अशी."

तिनं पायाशी पडलेला दगड उचलून असा फेकला की शिवप्पाच्या कानाला घासून तो चुन्याच्या ढिगात रुतला. "बुटक्या खिडकीनं माझा नवरा खाल्ला! माझ्या घरात भिंतीला भोक पडलं तर तुमचं डोसकं त्यात घालून चिणीन, अण्णा!"

शिवप्पा कान चोळत म्हणाला, "डोसकं बसायचं न्हाय. माझं लई मोठं हाय."

सिदू हसला. मथुराही पदरात हसली. धुरपदाबाईला हसू आलं नाही. दोन दिवस काम बंद राहिलं. शेवटी शिवप्पाच परत आला. तो म्हणाला, खिडकी नको तर नको, निदान तिथं देवळी करू, आतल्या बाजूनं अर्ध्या भिंतीत कोरलेली. धोंडीबादादाचं पागोटं त्यात ठेवा. भोक पडत नाही, आणि गवंड्याचाही मान राहतो. तिनं कबूल केलं. हातभर उंचीवर, जिथं खिडकी व्हायची होती तिथंच, रुंद देवळी झाली. आत पागोटं, त्याच्यापुढं दिवा. बाकी भिंती अखंड. वर फक्त साणं.

घर गार होतं, शिवप्पाचं बोलणं खरं निघालं. पण चूल पेटली की धूर वर जायचा, साण्याशी अडायचा आणि परत खाली यायचा. मथुराला दिवस गेले होते. ती चुलीपुढं बसली की खोकल्यानं दुमडून जायची, डोळे जास्वंदीसारखे लाल.

"आत्याबाई, एक बुटकी खिडकी..."

"न्हाय."

"बरं, तुमीच सांगा, श्वास घिऊ कुठनं?"

"नाकानं घे. म्याबी त्यानंच घेतीय."

म्हणायची खरी. पण दुपारी सासूच मथुराला दारात बसवून स्वतः चुलीपुढं बसायची आणि धुरातच भाकरी करायची.

मग पाण्याच्या सोसायटीची सभा आली. हिंमतराव चेअरमनला उभा होता. पाटाचं पाणी कुणाच्या शेतात आधी जायचं, हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खं गाव. सभा शाळेच्या पटांगणात. मतं हात वर करून घ्यायची. हिंमतराव पांढरा फेटा बांधून पुढं बसला होता, हात गुडघ्याखाली दडवून. धुरपदाबाई सभासद होती, धोंडीबाच्या जागी. ती उठली. प्रयोग रंगात आला की प्रेक्षागृह जसं श्वास रोखतं, तसं झालं.

"हिंमतराव भावजी," ती म्हणाली, "सगळ्यांचं हात वर व्हायचंत. आधी तुमी तुमचा उजवा हात वर करा. गावाला बघू दे."

"वहिनी, खाली बसा."

"करा की. लाज कशाची? ह्या हाताला पाण्याची किल्ली द्यायचीय. माझ्या घरात खिडकीतनं आला तवा लई ताकदीचा दिसला हुता."

कुणी हसलं नाही. हिंमतरावानं हात वर केला नाही. त्याच्या नावाला हात वर झाले ते थोडेच. तो उठला, फेटा काढून धुळीत आपटला आणि तिच्याजवळून जाताना म्हणाला, "वहिनी, तुझ्या घराला एकच भोक हाय. ध्यानात ठिव."

तिनं ध्यानात ठेवलं. कुऱ्हाडीला नवी धार लावली. पण तिनं चूक केली ती अशी, की त्या भोकातून फक्त चोराची भीती मानली आणि त्याच्याभोवतीच कडब्याचं सोनं रचलं. पावसानं पुन्हा ओढ दिली होती. जनावरांचा कडबा सोन्याच्या मोलाचा झाला होता, आणि रात्रीतून गंजीच्या गंजी नाहीशा होत होत्या. त्या मुलखात अशा सालात कडबा माळवदावर चढवतात, म्हणजे डोक्यावर ठेवलेलं कुणी नेत नाही. धुरपदाबाईनंही पेंढ्या वर चढवल्या आणि साण्याभोवती गोल रचल्या. मधोमध भोक, कडेनं कडबा. चोर आला तर पेंढी खाली साण्यातून घरात पडेल आणि आपण जागं होऊ, हा तिचा हिशेब.

वैशाखातली दुपार होती. ऊन असं की कावळासुद्धा चोच उघडून बसला होता. सिदू कारखान्यावर, गाव झापडलेलं, पश्चिमेचा वारा धुळीचे भोवरे उडवत होता. घरात सासू-सून आडव्या झाल्या होत्या. बाहेरून दाराची कडी वाजली. धुरपदाबाईला वाटलं, सिदू आला. तिनं हाक मारली. उत्तर नाही. ती उठून दाराला गेली, ओढलं. दार हललं नाही.

आणि वरून पहिली जळती पेंढी साण्यातून खाली पडली.

ती थेट पाण्याच्या रांजणाजवळ पडली. मागोमाग दुसरी. तिसरी मथुराच्या अंथरुणावर. मथुरा किंचाळत उठली. धुरपदाबाईनं पायानं पेंढी तुडवली, हातानं अंथरूण ओढलं, रांजण उपडा केला. पण वर वारा आग फुंकत होता, आणि वरचा धूर साण्यातून खाली कोसळत होता. काळा, दाट, तोंडात माती भरावी तसा. खालून वर जायला वाट नव्हती. तिनं दारावर कुऱ्हाड घातली. नव्या सागाचं दार, शिवप्पानं मुद्दाम जाड केलेलं. पातं रुतलं ते रुतलंच. तिनं दांड्याला लटकून हिसका दिला, आणि दांडा तुटून हातात आला.

"आत्याबाई," मथुरा कुठूनतरी म्हणाली. "दिसंना."

कोपऱ्यात शिवप्पाची पहार पडलेली होती. ओसरीचं काम उरलं होतं म्हणून ठेवून गेलेला. धुरपदाबाईनं चाचपत पहार धरली, भिंतीशी गेली, आणि तिच्या हाताला देवळी लागली. अर्धी भिंत. तिनं धोंडीबाचं पागोटं उचलून कमरेला खोचलं, दिवा लाथेनं उडवला, आणि पहार घातली.

पहिल्या घावाला माती उडाली. दुसऱ्याला दगड हलला. ती मोजत नव्हती, ओरडत होती, प्रत्येक घावाला एकेक शिवी, सासरच्या अख्ख्या भावकीच्या नावानं. एक दगड बाहेर पडला आणि उजेडाची कांब आत आली. दुसरा पडला. डोकं मावेल एवढं भोक झालं. तिनं तोंड भोकाला लावून श्वास घेतला, आणि तेवढ्यात बोळातून भाला आला.

आठवडे नव्हे, वर्षानुवर्षं ती या भाल्याची वाट बघत होती. मान तिरकी झाली म्हणून वाचली. पातं खांद्याचं मांस फाडून गेलं. तिनं पहार टाकली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि बैलाचा कासरा ओढावा तसा आत ओढला. भाल्याबरोबर हात आला. मनगट, कडं, तुटका अंगठा, कोपर, पार खांद्यापर्यंत. भोकात खांदा अडकला. बाहेर हिंमतराव गुरासारखा हंबरला.

तिनं तो हात देवळीच्या दगडी काठावर आडवा धरला. चुलीपाशी वरवंटा होता, तो पायानं ओढून घेतला. "भावजी, हात ओळखला म्या," ती म्हणाली, आणि वरवंटा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला धुरातही ऐकू आला. पुन्हा घातला. कडं वाकडं झालं. हिंमतराव आईच्या नावानं ओरडत होता.

दूरवरून माणसांचा गलका येत होता. धूर दिसला होता, लोक धावत होते. तिनं हात घट्ट पकडून ठेवला. आता सगळ्यांनी यावं. आता सगळ्यांनी बघावं, या हाताच्या टोकाला कोण आहे. यावेळी हात सोडायचा नाही. सोडला तर पुन्हा कोर्ट, पुन्हा रांगेत उभी केलेली माणसं, पुन्हा हसू, पुन्हा दारात पेढा.

"आत्याबाई... वारं..."

तिनं मागं बघितलं. मथुरा जमिनीवर पडली होती, पोटावर दोन्ही हात, तोंड मासळीसारखं उघडमीट करत. भोक होतं, पण भोकात हिंमतराव होता. त्याचा खांदा बोळा घातल्यासारखा फट बुजवून बसला होता. उजेडाची कांबही राहिली नव्हती. घरातला सगळा धूर आत, आणि बाहेरचा सगळा वारा त्याच्या पाठीवर आपटून परत जात होता.

लोकांचा गलका अजून बोळाच्या तोंडाशीच होता.

धुरपदाबाईनं त्या हाताकडं एकदा पाहिलं. इतकी वर्षं याच हाताचं तोंड गावाला दाखवायचं होतं तिला. मग तिनं बोटं सोडली.

हात सापासारखा मागं गेला. आणि पश्चिमेचा वारा आत घुसला, असा जोरानं की चुलीतली राख उडाली. गरम होता, धुळीनं भरलेला होता, पण वारा होता. धूर हलला. चुलीवरून, अंथरुणावरून, मथुराच्या अंगावरून उठला आणि साण्याकडं वर चढायला लागला, शिवप्पानं हातानं दाखवलं होतं अगदी तसा. तिनं मथुराला काखेत धरून ओढत आणलं, तिचं तोंड भोकाला लावलं. "घे," ती म्हणाली. "घे बाई, दम घे. समदं घे."

लोकांनी कडी काढली तेव्हा दोघी भिंतीला चिकटून बसलेल्या होत्या. सासूच्या खांद्यातलं रक्त सुनेच्या केसांत मुरलं होतं. धुरपदाबाईच्या कमरेला अजून पागोटं होतं.

हिंमतराव उसाच्या फडात सापडला, हात छातीशी धरून. त्याची बायको द्वारकाबाई त्याच्यापाशी उभी राहून रडत नव्हती, शिव्या देत होती, आणि मध्येच पदरानं त्याचं तोंड पुसत होती. पोलीस आले, खटला उभा राहिला. कोर्टात यावेळीही वकिलानं तोच सवाल केला, नव्या तालमीत जुनंच भाषण. "एवढ्या धुरात तुम्ही हात ओळखलात कसा?"

धुरपदाबाई म्हणाली, "तुमच्या अशिलाला सांगा, उजवा हात वर करा म्हणावं."

हिंमतरावानं प्रयत्न केला. हात कोपरापर्यंत वर आला आणि पुढं लोंबत राहिला. कुणी हसलं नाही. तिनंही मान फिरवली. हिंमतरावाला शिक्षा झाली. बाहेर येताना ती सिदूला म्हणाली, "द्वारकाची पाण्याची पाळी चुकायला नको. पाटावर तू सोताच जा."

मथुराला मुलगी झाली. त्या आधीच शिवप्पा पुन्हा अणदूरहून आला होता. त्यानं भोक पाहिलं, वाकडंतिकडं, दगडांचे दात बाहेर आलेले, आणि कान चोळला. "अव्वा, बुजवायचं का?"

"चौकट आणली का न्हाय?"

"आणली. पण किती उंचीवर घ्यायची? वर घेतली तर भ्या न्हाय."

धुरपदाबाई उठली, भोकाशी गेली आणि जमिनीवर बसली. पाठ भिंतीला टेकली, धोंडीबा बसायचा तशी. मान जिथं आली तिथं हात लावून म्हणाली, "हितं. बसल्या माणसाच्या मानंला वारं लागाया पाहिजे."

"आणि गज?"

"घाला की. उभे घाला, जवळजवळ. वारं येईल एवढे. हात येऊ नये."

शिवप्पा चुना कालवायला बाहेर गेला. परतला तर ती तिथंच बसली होती, मान कलंडलेली, तोंड उघडं, घोरत. कुऱ्हाडीचा तुटका दांडा कोपऱ्यात होता, तिच्या हाताला लागणार नाही इतका लांब. शिवप्पानं सिदूकडं बघितलं, सिदूनं ओठांवर बोट ठेवलं. चौकट बसवायची तर तिला उठवावं लागणार होतं. शिवप्पानं घमेलं खाली ठेवलं, पान लावलं आणि ओसरीवर जाऊन बसला. चुना वाळून गेला, तरी तो कुणावर ओरडला नाही.